तलवारबाज हेलेने मायर आणि न छापलेली ओळ

मागच्या वर्षी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चहा होईपर्यंत त्या घरच्या अम्मीने मुलीची फाइल माझ्यासमोर ठेवली. प्लास्टिकच्या कव्हरांत प्रमाणपत्रे, शाळेचा दाखला, आधारकार्डाची झेरॉक्स आणि सर्वांत शेवटी वर्तमानपत्राचे एक कात्रण. मुलगी शालेय तलवारबाजी स्पर्धेत विभागीय पातळीवर कांस्यपदक मिळवून आली होती. जिल्हा पुरवणीत बातमी आली होती. मथळ्यात 'मुस्लिम मुलगी' हे शब्द ठळक होते. मजकुरात परंपरा, बंधने, विरोध झुगारून घेतलेली भरारी वगैरे सगळे होते. ती फॉइल खेळते की सेबर, उपांत्य लढत कोणाशी झाली, किती गुणांनी हरली, यातले काहीच नव्हते. आडनावही चुकलेले.

मी विचारले, "घरातून विरोध होता का?"

तिचे अब्बा हसले. म्हणाले, "विरोध कसला? पहाटे साडेपाचला मीच तिला मोटरसायकलवरून सोडायला जातो."

मुलगी मात्र गंभीर होती. म्हणाली, "चाचा, मी सेमीफायनल एका पॉइंटने हरले. ते लिहायला हवं होतं."

तिचे हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. तलवारबाजी हा खेळ, त्यातली अल्पसंख्याक खेळाडू आणि तिच्याविषयी छापून येणारी बातमी, या तिन्हींचे नाते जुने आहे. त्याचा माग काढायचा तर ९० वर्षे मागे, जर्मनीतल्या एका छोट्या शहरात जावे लागते.

ऑफेनबाखची लाडकी

फ्रँकफुर्टला अगदी लागून, माइन नदीच्या काठी ऑफेनबाख नावाचे शहर आहे. चामड्याच्या वस्तूंसाठी ते प्रसिद्ध होते. २० डिसेंबर १९१० रोजी हेलेने मायर तिथे जन्मली. वडील लुडविग मायर डॉक्टर होते आणि धर्माने ज्यू. आई ख्रिश्चन. गावातल्या तलवारबाजी क्लबमध्ये आर्तुरो गाझेरा नावाचे इटालियन उस्ताद शिकवत. त्यांच्या हाताखाली ही मुलगी फॉइल शिकली. १९२५ मध्ये, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, ती जर्मनीची विजेती झाली. पुढे १९३० पर्यंत हे पद तिने सोडले नाही.

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक जिंकले. तेव्हा ती १७ वर्षांची होती. पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर जर्मनीला उन्हाळी ऑलिंपिकमध्ये मिळालेली ही पहिलीच संधी होती. त्यामुळे या मुलीचे किती कौतुक झाले असेल याची कल्पना करता येते. उंच बांधा, सोनेरी केस, कानांवर गुंडाळलेल्या वेण्या आणि कपाळावर पांढरी पट्टी. तिची छायाचित्रे छापली गेली, पोस्टकार्डे निघाली, केसांच्या रंगावरून लाडके नावही पडले. १९२९ आणि १९३१ मध्ये तिने युरोपीय अजिंक्यपद मिळवले. लोक तिच्याकडे पाहून म्हणत, जर्मन मुलगी असावी तर अशी. वडील ज्यू आहेत हे गावाला ठाऊक होते, पण त्याने कोणाचे काही अडत नव्हते.

१९३२ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती पाचवी आली आणि शिक्षणासाठी कॅलिफोर्नियातच थांबली. पुढच्याच वर्षी जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. काही महिन्यांत ऑफेनबाखच्या क्लबने आपल्या यादीतून तिचे नाव काढून टाकले. तिची शिष्यवृत्तीही बंद झाली. ज्या क्लबचे नाव तिने जगभर नेले, त्याच क्लबने हे केले. परदेशात एकटी असलेली ही २२ वर्षांची मुलगी पुढे ओकलंडच्या मिल्स कॉलेजात जर्मन शिकवू लागली.

वर्तमानपत्रांवरचा पहारा

त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९३३ रोजी, जर्मनीत संपादकांसाठी नवा कायदा झाला. वर्तमानपत्रात काम करायचे तर सरकारी यादीत नाव हवे आणि त्यासाठी माणूस 'आर्य' हवा. बायको किंवा नवरा ज्यू असेल तरी चालणार नाही. म्हणजे ज्यूंविषयी काय छापायचे हे ठरवण्याआधी बातमीच्या खोलीतून ज्यू बाहेर काढले गेले.

दुसरी व्यवस्था जास्त बारकाईची होती. बर्लिनमध्ये प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्यात रोज पत्रकार परिषद भरे. तिथे प्रश्न विचारण्यापेक्षा सूचना लिहून घेणे हेच मुख्य काम होते. कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती आत, कोणता शब्द वापरायचा, कशाचा उल्लेखही करायचा नाही, हे सगळे सांगितले जाई. लहान शहरांतल्या वर्तमानपत्रांचा प्रतिनिधी बर्लिनमध्ये नसे. त्यांना या सूचना प्रादेशिक कार्यालयांमार्फत पोहोचत. त्यामुळे राजधानीतले मोठे दैनिक असो की तालुक्याचे चार पानी पत्र, गप्प बसण्याची जागा सगळ्यांची एकच असे.

या सूचना वाचून झाल्यावर नष्ट करायच्या, असा नियम होता. बहुतेकांनी तो पाळला. काहींनी मात्र जिवावर उदार होऊन टिपणे जपून ठेवली. कार्ल ब्रामर हे त्यांतले एक. फ्रिट्झ झेंगर हे दुसरे. झेंगर 'फ्रँकफुर्टर झायटुंग' या दैनिकाचे बर्लिनमधील बातमीदार होते. हे दैनिक लिओपोल्ड झोनेमान या ज्यू माणसाने काढलेले, ऑफेनबाखच्या शेजारच्या शहरातले. या लोकांनी कागद जपले म्हणून आज आपल्याला कळते की त्या काळी काय छापू दिले नाही. नाहीतर जुनी वर्तमानपत्रे चाळून इतकेच दिसले असते की अमुक गोष्टीविषयी कोणी काही लिहिले नाही. ते सहज राहून गेले की मुद्दाम वगळले, हे समजायला मार्ग नव्हता.

१९३६: नाव छापा, वडील नको

१९३६ चे ऑलिंपिक बर्लिनमध्ये होणार हे हिटलर येण्याआधीच ठरले होते. ज्यूंवरच्या अत्याचारांमुळे अमेरिकेत बहिष्काराची चळवळ उभी राहिली. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्ग कायदे आले आणि ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क गेले. त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेत मतदान झाले आणि बहिष्काराचा प्रस्ताव अगदी थोड्या मतांनी पडला. जर्मन संघात ज्यूंना जागा मिळेल, असे आश्वासन जर्मनांनी दिले होते. जगाला दाखवायला कोणीतरी हवे होते.

त्यासाठी दोन मुलींची नावे पुढे होती. एक हेलेने मायर. दुसरी उंच उडी मारणारी ग्रेटेल बेर्गमान, जिचे आई-वडील दोघेही ज्यू होते. बेर्गमानने जून १९३६ अखेरीस १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केली. जुलैच्या मध्यात अमेरिकन संघाचे जहाज न्यूयॉर्क बंदरातून सुटले आणि लगेच बेर्गमानला पत्र आले: तुमची कामगिरी पुरेशी नाही, तुमची निवड झालेली नाही. सोबत मैदानात उभे राहून स्पर्धा पाहण्याची तिकिटे देऊ केली होती. बर्लिनमध्ये महिलांच्या उंच उडीची पदके त्याच १.६० मीटरवर ठरली.

मायर राहिली. ती अमेरिकेहून आली, कारण तिला जर्मनीसाठी खेळायचे होते, आईला भेटायचे होते आणि नागरिकत्वाचे पूर्ण हक्क परत हवे होते. ती स्वतःला ज्यू समजत नव्हती. पण तिने स्वतःला काय समजावे हे आता तिच्या हातात उरले नव्हते.

आता प्रचारखात्याच्या सूचना पाहा. फेब्रुवारी १९३६ मध्ये वर्तमानपत्रांना सांगण्यात आले की मायरच्या 'अनार्य' वंशाविषयी आणि तिच्या सुवर्णपदकाच्या शक्यतेविषयी काही लिहू नये. जुलैमध्ये पुन्हा बजावण्यात आले की महिलांमध्ये मायर आणि बेर्गमान या दोघी अनार्य आहेत, याचा उल्लेख नको. स्पर्धा सुरू झाल्यावर, ऑगस्टमध्ये, आणखी एक सूचना आली: निकालांच्या बातम्यांत वंशाचा मुद्दा आणू नये, कृष्णवर्णीय खेळाडूंविषयी जपून लिहावे.

शेवटची सूचना आजच्या वाचकाला चांगलीच वाटेल. खेळात वंश आणू नका, हे आपणही म्हणतो. पण हे सांगणारे तेच लोक होते ज्यांनी तीन वर्षांपूर्वी वंश पाहून या मुलीचे नाव क्लबातून काढायला लावले होते. परदेशी पाहुणे शहरात होते तेवढे दिवस 'ज्यूंना येथे मज्जाव' अशा पाट्या उतरवल्या गेल्या. ज्यूंविरुद्ध विष ओकणारे 'डेअर श्ट्युर्मर' हे पत्र बर्लिनच्या विक्रीच्या ठेल्यांवरून हटवले गेले. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या वर्षी बर्लिनला गेले होते आणि त्यांनी तिथे कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांनाही शहर असेच धुऊनपुसून ठेवलेले दिसले असणार.

महिलांच्या फॉइलमध्ये हंगेरीच्या इलोना एलेकने सुवर्ण जिंकले, मायरने रौप्य आणि ऑस्ट्रियाच्या एलेन प्राइसने कांस्य. एलेकही ज्यू वंशाची होती. पदक घेताना मायरने उजवा हात पुढे करून नाझी सलाम केला. त्याचे छायाचित्र आजही जगभर फिरते. त्यावरून तिला कोणी लाचार म्हणते, कोणी म्हणते की घरचे लोक जर्मनीत असताना ती दुसरे काय करणार होती. हा वाद मला इथे सोडवायचा नाही. मला एवढेच दिसते की छायाचित्र सगळ्यांना आठवते, आणि एलेक व मायर यांची लढत कशी झाली ते कोणाला सांगता येत नाही.

मायर पुन्हा कॅलिफोर्नियाला गेली. १९३७ मध्ये पॅरिसला तिने जागतिक अजिंक्यपद जिंकले. अमेरिकेची राष्ट्रीय विजेती ती आठ वेळा झाली आणि तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १९५२ मध्ये ती जर्मनीला परतली, लग्न केले आणि १० ऑक्टोबर १९५३ रोजी कर्करोगाने गेली. वय अवघे ४२. पश्चिम जर्मनीने १९६८ मध्ये तिच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. म्युनिकच्या ऑलिंपिक वसाहतीत तिच्या नावाचा रस्ता आहे.

मेपलवूडची मुलगी

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्या काळातली आहे. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात मेपलवूड नावाचे गाव आहे. इब्तिहाज मुहम्मद तिथली. आई-वडील आफ्रिकन-अमेरिकन, दोघांनीही इस्लाम स्वीकारलेला. वडील पोलीस खात्यात, आई शिक्षिका. मुलगी खेळात हुशार, पण प्रत्येक खेळात आईला तिच्या गणवेशाला बाह्या जोडाव्या लागत, पायजमा शिवावा लागे. एकदा गाडीतून जाताना आईला शाळेच्या खिडकीतून काही मुले दिसली. अंगभर पांढरे कपडे, डोक्यावर जाळीचा मास्क. आईला खेळाचे नावही ठाऊक नव्हते, पण कपडे पाहून तिने ठरवले की हा खेळ आपल्या मुलीसाठी आहे.

न्यू जर्सी हे अमेरिकेतल्या अशा मोजक्या राज्यांपैकी आहे जिथे शाळाशाळांमध्ये तलवारबाजीचे संघ आहेत आणि राज्य अजिंक्यपदही होते. त्यामुळे तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रांत या खेळाचे निकाल येतात. शाळेचे नाव, खेळाडूचे नाव, प्रकार, गुण. रुक्ष मजकूर, पण खेळाडूला हवा असतो तो हाच. इब्तिहाजने सुरुवात ईपीने केली, पुढे ती सेबरकडे वळली. तिच्या कोलंबिया हायस्कूलच्या संघाची ती कर्णधार होती आणि संघाने राज्य अजिंक्यपद जिंकले. पुढे न्यूयॉर्कला पीटर वेस्टब्रुक यांच्या संस्थेत ती शिकली. वेस्टब्रुक हे १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सेबरचे कांस्य जिंकलेले, तलवारबाजीत पदक मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. २०१४ मध्ये ती जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या अमेरिकन संघात होती.

हे सगळे होईपर्यंत देशाच्या मोठ्या माध्यमांना ती फारशी माहीत नव्हती. २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरली आणि हिजाब घालून ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली अमेरिकन खेळाडू ठरणार हे कळले. तिकडे अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि मुसलमानांना देशात येऊ देऊ नये, अशी भाषा एक उमेदवार करत होता. त्यामुळे कॅमेरे तिच्याकडे वळले. प्रश्न हिजाबचा, ट्रम्प यांचा, दहशतवादाचा. त्याच वर्षी टेक्सासमधील एका मोठ्या परिषदेत ओळखपत्राचा फोटो काढताना तिला हिजाब उतरवायला सांगण्यात आले. आयोजकांनी नंतर माफी मागितली.

रिओत वैयक्तिक सेबरमध्ये तिने युक्रेनच्या ओलेना क्राव्हात्स्काला १५-१३ हरवले. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या सेसिलिया बेर्देकडून ती १२-१५ अशी हरली. पाच दिवसांनी सांघिक सेबरमध्ये अमेरिकेने इटलीला ४५-३० हरवून कांस्यपदक मिळवले. हे गुण किती वाचकांना आठवतात? हिजाब सगळ्यांना आठवतो.

इथे फक्त गोऱ्या पत्रकारांना दोष देऊन चालणार नाही. त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय फिरत होते ते आठवा. 'कौम की बेटी', 'इस्लाम की शान'. तिच्या सोबतच्या तीन खेळाडू त्या फोटोतून कापलेल्या. सांघिक पदक चौघींनी सोबत मिळवून दिले, हे सांगायला आपल्यालाही वेळ नव्हता. जो चष्मा त्यांनी लावला होता, तोच आपण उलटा करून लावला.

खेळ दिसला नाही की धर्म दिसतो

हे तलवारबाजीतच इतके का घडते? मला वाटते, याचे उत्तर खेळाच्या स्वरूपात आहे.

क्रिकेटचा बातमीदार मैदानातून लढत वाचू शकतो. तलवारबाजीत एक वार डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होऊन जातो. फॉइलमध्ये फक्त धडावर आणि फक्त टोकाने वार चालतो. सेबरमध्ये कमरेच्या वर, धारेनेही. ईपीमध्ये सगळे शरीर लक्ष्य. फॉइल आणि सेबरमध्ये दोन्ही बाजूंचे दिवे एकदम लागले तर आक्रमणाचा हक्क कोणाचा होता हे पंच ठरवतो. हे ठाऊक नसेल तर पाहणाऱ्याला फक्त दिवे लागलेले आणि कोणीतरी ओरडलेले कळते.

मग रात्री आठच्या आत बातमी द्यायची असलेला बातमीदार काय लिहील? जे त्याला दिसले ते. मास्क काढल्यावर दिसणाऱ्या सोनेरी वेण्या. हिजाब. पुढे केलेला हात. २०२४ मध्ये पॅरिसला इजिप्तची नादा हाफेझ सात महिन्यांची गरोदर असताना सेबर खेळली. बातमी जगभर गेली आणि जायलाच हवी होती. पण तिने पहिली लढत १५-१३ अशी जिंकली होती, हे त्या बातम्यांत शोधावे लागत होते. २०२१ मध्ये आपली भवानी देवी ऑलिंपिकमध्ये खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. त्या एका सकाळी देशाला हा खेळ कळला आणि दुपारपर्यंत विसरलाही गेला.

गंमत अशी की तलवारबाजीत मास्क घातला की समोरचा कोण, कुठला, कोणत्या धर्माचा हे दिसतच नाही. सगळे पांढऱ्या कपड्यांत. प्रतिस्पर्ध्याला त्याचा हातच ओळखावा लागतो. निदान त्या पट्टीवर ओळख फक्त खेळाने होते. बातमीचे काम तेच पुढे नेण्याचे आहे, आणि नेमके तिथेच ती मागे पडते.

बर्लिनने मायरची ओळख खोडली. आजची माध्यमे ओळख सोडून बाकी सारे खोडतात. या दोन गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. एकीकडे हुकूमशाही होती, दुसरीकडे घाई आणि आळस आहे, कधीकधी कौतुकही आहे. पण खेळाडूच्या हाती पडणारे कात्रण दोन्हीकडे अर्धेच असते. धर्म लिहू नका, असे माझे मुळीच म्हणणे नाही. इब्तिहाजला खेळ कसा सापडला हे तिच्या हिजाबाशिवाय सांगताच येत नाही. मायरच्या वडिलांचे नाव टाळून तिची गोष्ट सांगणे हा तर खोटेपणाच होता. ओळख लिहावी, पण ती खेळासोबत यावी. खेळाच्या जागी येऊ नये.

गुन्ह्याच्या बातमीत आपले नाव ठळक आणि यशाच्या बातमीत आपण अपवाद, याची सवय आपल्या समाजाला झाली आहे. त्यामुळे 'मुस्लिम मुलीची भरारी' असे छापून आले की आपण खूश होतो. त्या मथळ्याचा अर्थ काय, याचा विचार करत नाही. त्यात गृहीत धरलेले असते की ही मुलगी जिंकणे नवलाचे आहे, आणि तिला अडवणारे घरातलेच आहेत. पहाटे साडेपाचला मोटरसायकल काढणाऱ्या बापाला त्या बातमीत जागा नसते.

जिल्हा पुरवणीतल्या बातमीदार मित्रांना माझी विनंती आहे. फार काही नको. नाव आणि आडनाव बरोबर लिहा. प्रकार लिहा. प्रतिस्पर्ध्याचे नाव आणि गुण लिहा. प्रशिक्षक कोण ते लिहा. एक फोन केला तर पाच मिनिटांत हे सगळे मिळते. मग उरलेल्या जागेत घर, मोहल्ला, धर्म, काय हवे ते लिहा. उद्या कोणी जुनी पुरवणी चाळेल तेव्हा त्याला एक खेळाडू सापडायला हवी.

त्या दिवशी निघताना मी ते कात्रण पुन्हा एकदा पाहिले. प्लास्टिकच्या आत, बातमीच्या कडेच्या कोऱ्या जागेत तिने निळ्या पेनने बारीक अक्षरात स्वतःच लिहून ठेवले होते: फॉइल, उपांत्य फेरी, १४-१५. खाली आपले आडनावही तिने दुरुस्त केले होते.